शब्दचर्चा: आतड्याचं ‘अस्तर’, ‘अभिस्तर’ की ‘श्लेष्मल त्वचा’?

नौपाडा, ठाणे: आयबीडीच्या (अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन अशा आतड्याच्या दीर्घकालीन आजारांच्या) रुग्णांसाठी मराठी पत्रक लिहितेय. ‘प्रयोगशाळेत वाढवलेलं आतड्याचं अस्तर’ चालेल का? आणि इन्फ्लमेशनला जळजळ म्हणू की दाह?

खारघर: दाहच. जळजळ वाचून लोक ॲसिडिटीची गोळी शोधतील. अस्तराचं मात्र प्रयोगशाळेत कुठलं मॉडेल वापरलंय त्यावर ठरेल. काको-२ पेशी असतील तर ‘अभिस्तर’ लिहा, म्हणजे पेशींचा एकेरी थर. श्लेष्मल त्वचेत (म्युकोसा) त्याखाली संयोजी ऊती, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी असतात. काको-२ मध्ये यातलं काही नाही. शिवाय या पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या, आणि ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर सुमारे २१ दिवस वाढवल्या की वागतात लहान आतड्यासारख्या! श्लेष्म (म्यूकस) हवा तर तो बनवणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी मिसळाव्या लागतात.

नौपाडा, ठाणे: प्रतिकारपेशीच नाहीत, तर दाह येतो कुठून?

खारघर: बाहेरून घालतात. आधी इंटरफेरॉन-गॅमा, मग टीएनएफ (दोन्ही सायटोकाइन, म्हणजे दाहाचा निरोप देणारी प्रथिनं), तेही पडद्याच्या खालच्या बाजूने. इंटरफेरॉनने पेशींवरचे टीएनएफचे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात, म्हणून हा क्रम. म्हणून ‘दाह झालेलं आतडं’ न लिहिता ‘दाहाची नक्कल’ लिहा.

वाशी: दाहात अभिस्तर ‘लीकी’ होतं, त्यासाठी ‘गळकं’ नको, ‘झिरपणं’ घ्या. पेशींमधले सांधे सैल होणं वेगळं आणि पेशी मरून भोक पडणं वेगळं. विद्युतरोध (टीईईआर, म्हणजे पेशींच्या थरातून वीज जायला होणारा अडथळा) दोन्हींत घसरतो. सायटोकाइनचा डोस जास्त झाला की पेशी मरतात आणि तेच सांधे सैल केल्याचं यश समजलं जातं. म्हणून पेशी फुटून भोवतालच्या द्रवात (माध्यमात) सांडलेलं एलडीएच हे विकरही मोजायचं. रोधाच्या आकड्यातून कोऱ्या, म्हणजे पेशी नसलेल्या पडद्याचा रोध वजा करून क्षेत्रफळाने गुणायचं: वाचन ४०० ओहम, कोरा १२०, १२ खणी प्लेटचा पडदा १.१२ चौ. सेंमी, तर सुमारे ३१४ ओहम-चौ. सेंमी. इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या मोजलं तर प्लेट गार होताना आकडा सरकत राहतो. सगळ्या प्लेट एकाच तापमानाला आणून मोजाव्यात.

नौपाडा, ठाणे: पत्रकात ऑर्गनॉइडही (पेशींचे इवले पोकळ गोळे) आहेत.

वाशी: ते रुग्णाच्या बायॉप्सीतल्या मूलपेशींपासून वाढतात, त्यामुळे त्या माणसाच्या जनुकांची छाप राहते. पण तेही अभिस्तरच. गोळ्याची पोकळी आत असते, म्हणजे अन्नाकडची बाजू बंद. जिवाणू आत सुईने टोचावे लागतात किंवा पेशी सुट्या करून पडद्यावर पसराव्या लागतात.

खारघर: आणखी एक. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ‘अस्तराचा दाह’ बरोबर आहे. क्रोनमध्ये दाह भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरू शकतो, तिथे ‘आतड्याच्या भिंतीचा दाह’ लिहा.