आटणं, आकसणं, आखडणं... कुर्त्याला नेमकं काय झालं?

फोंड्याहून –

परवा एक नवा कुर्ता वाया गेला आणि तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. कुणबी चौकड्याचं लाल सुती कापड घेतलं होतं, मावशीने पिशवीतून काढल्या काढल्या सांगितलं, "आधी रात्रभर भिजत घाल गो, नायतर आटेल." मला घाई, चार दिवसांवर लग्न, तसंच शिवायला दिलं. पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर. पुण्याच्या वहिनीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर "अगं आक्रसला की गं", शेजारच्या काकी म्हणाल्या आखडला, आणि लेक म्हणते श्रिंक झाला. एका बाहीला चार शब्द. मला त्यात मावशीचाच सर्वांत बरोबर वाटतो पण का ते धड सांगता येत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर विचारतेय.

आटणं हे आपण रोज म्हणतो ते पाण्याबद्दल नाहीतर दुधाबद्दल. मे महिन्यात विहीर आटते. बासुंदीला दूध आटवतो, मणगणं, म्हणजे आपली चणाडाळीची खीर, गॅसवर राहिलं की आटून आटून इतकं दाट होतं की दुसऱ्या दिवशी डाव उभा राहतो. कोकणीतही तोच शब्द आहे, "बांय आटली" म्हणतात, फक्त कोकणीत आटप म्हणजे आटणं आणि मराठीत आटप म्हणजे उरक लवकर, त्यामुळे घाटावरून लग्न होऊन इथे आलेल्या बायकांचा सुरुवातीला गोंधळ होतो, माझाही झाला होता. तर आटण्यात काहीतरी निघून जातं आणि मागे राहतं ते आधीपेक्षा दाट असतं. मग कापडातून काय निघून गेलं? सूत तर जेवढं होतं तेवढंच आहे.

तर होतं असं की मागावर धागा ताणून विणतात. पाणी लागलं की सूत फुगतं, तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळच्या मापावर येऊन बसतं. म्हणजे गेला तो ताण, आणि राहिलं ते खरंच दाट विणीचं कापड, उन्हासमोर धरून बघा, धुतल्यावर त्यातून उजेड कमी येतो. मावशीने हे कुठे वाचलेलं नाही पण शब्द चोख वापरला. पूर्वी ताग्यांवर सॅन्फराइज्ड असा छाप असायचा ना, तो पण ह्यातलाच प्रकार, १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी काढलेली पद्धत, म्हणजे कापड गिरणीतच आटवून मग विकायचं. आपल्या बायका तेच काम बादलीत करत होत्या.

आकसणं मला वेगळं वाटतं. आकसणारी गोष्ट स्वतःला आत ओढून घेते, लाजाळूचं पान, गोगलगाय, पहाटेच्या गारठ्यात कुत्र्याचं पिल्लू. पणजीच्या बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरा येऊन टेकला की आपण अंग चोरून बसतो, ते आकसणं. थोड्या वेळाने पान परत उघडतं, तिसरा उतरला की आपणही ऐसपैस होतो. कुर्ता काही परत उघडत नाही. बाजार आक्रसला असं पेपरवाले लिहितात तेव्हा त्यात निदान पुन्हा पसरण्याची आशा तरी असते. आखडणं म्हणजे लांबी कमी आणि वर ताठरपणा, मान आखडते, पाय आखडतात, पैसे कमी पडले की हात आखडता घेतो, म्हणून काकींचा शब्द बाहीपुरता चालेल पण पूर्ण कुर्त्याला नाही. रोडावणं माणसाला, गुराला, हल्ली गर्दीला आणि पटसंख्येला पण. झिजणं घासून होतं. आणि संकोच, यातही तेच आकुंचनातलं कुच्, आक्रसून घेणं. पाहुण्याला "संकोच करू नका" म्हणतो तेव्हा आपण त्याला खरं तर सांगत असतो की असे आकसून बसू नका, नीट बसा. हे लक्षात आलं त्या दिवशी मला खूप छान वाटलं, इतकी वर्षं नुसतं सवयीने म्हणत होते.

तुमच्याकडे कापडाला काय म्हणतात ते सांगा, गाव पण सांगा.

पेडण्याहून –

आटतंच म्हणतात आमच्यात, दुसरा शब्द ऐकलेला नाही. पण ताई, आटणं म्हणजे कमी होणं एवढंच धरू नका. आमच्या आजोबांचं मिठागर होतं, त्यांच्या तोंडी आटणं म्हणजे मीठ येणं. भरतीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत जायचं, ऊन आणि वारा त्याचं काम करतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार साधारण ३५ ग्रॅम, आणि पाणी आटून दहावा हिस्सा उरला की मग कुठे मीठ धरायला लागतं, त्याच्याआधी तुम्ही वाफ्याकडे कितीही बघत बसा. एप्रिलमध्ये अवेळी पाऊस आला की आजोबा म्हणायचे, "आटलेलं परत पातळ झालं." मिठागर आता चालत नाही पण ते वाक्य घरात राहिलंय, ठरलेली सोयरीक मोडली तरी आई तेच म्हणते.

म्हापशाहून –

सोनं राहिलं की. आजीच्या पाटल्या आटवून मंगळसूत्र केलं असं म्हणतो, म्हणजे वितळवून. त्यात सांध्याचा टाका आणि मळ जातो म्हणून वजनात घट येते, तुमच्या व्याख्येत चपखल बसतं. पण गाय आटवणं बसत नाही बघा, व्यायच्या आधी दोनेक महिने दूध काढणं बंद करतात त्याला म्हणतात, तिथे काही दाट होत नाही.

सांगेहून –

आमचं घर कुर्डीतलं, म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला ते गाव, साळावलीच्या धरणाखाली गेलेलं. आता आम्ही वालकिणीला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की जोती दिसायला लागतात, झाडांचे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ, मे महिन्यात लोक तिथे जमतात. आई या पाण्याला कधीही आटलं म्हणत नाही, उतरलं म्हणते. मी एकदा आटलं म्हटलं तर म्हणाली, "आटलं असतं तर आम्ही परत घर बांधलं नसतं का?" विहिरीचं पण तसंच, पाणी खाली गेलं की उतरलं, तळ दिसला की आटली. ओसरलं हा शब्द ती पुराला वापरते, आलेलं संकट परत गेलं तर. धरणाला ओसरलं पण नाही.

फोंड्याहून –

सांगेच्या दादा, तुमच्या आईचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मी वर विहीर मे महिन्यात आटते असं सरसकट लिहिलं ते चुकलंच, आमची विहीर फक्त उतरते, तळ मी अजून पाहिलेला नाही. आणि गाईचं म्हापशाकरांनी बरोबर काढलं, तिथे दाट होण्याचा हट्ट मी सोडते, पण निघून जाणं तरी आहेच, रक्त आटवून पोरं वाढवली म्हणतात त्यात पण जाणंच आहे.

शिंप्याकडे काल परत गेले होते. त्याने बाहीची मुडप सोडवली, आत दीड बोट कापड ठेवलं होतं त्याने स्वतःहून, मी सांगितलं पण नव्हतं. म्हणाला, "सुती कापड आटता म्हणून सोडतांव, ताई." इस्त्री करून दिली, मनगटापर्यंत जवळजवळ आली बाही. मुडपीच्या जागी लाल रंगाची एक गडद रेघ दिसते, बाकीचा रंग दोन धुण्यांत थोडा उतरलाय. रंगाला पण उतरलाच म्हणतो आपण, आटला नाही.