सशांसाठी टू-टू (.२२) बोल्ट अॅक्शन रायफल पुरे आहे, बाकी सगळा सोस!

ओटागोवाला
न्यूझीलंडला नवीन आलेल्या दोघातिघांनी विचारलं की फायरआर्म्स लायसन्स आलंय, पहिली रायफल कुठली घेऊ, म्हणून धागा काढतोय. मी सेंट्रल ओटागोत द्राक्षबागेवर आहे, इथे ससा म्हणजे शत्रू, दहाएक ससे एका मेंढीचा चारा खातात असा इथल्या लोकांचा हिशोब, आणि कोवळ्या वेलीची साल कुरतडतात ते वेगळंच. माझं मत सरळ आहे: .२२ एलआर (हीच टू-टू), बोल्ट अॅक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा), पुढे सायलेन्सर, बस. (सायलेन्सर इकडे कायदेशीर आहे, दचकू नका.) ४० ग्रेनची (अडीच ग्रॅमच्या आसपास) सबसॉनिक होलोपॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली संथ गोळी, सेकंदाला साधारण ३२० मीटरने जाते, आवाजाच्या वेगाच्या आतच, त्यामुळे फट्ट एवढंच होतं, शेजारचा ससा मान वर करून बघतो आणि परत चरायला लागतो. धक्का नाही, काडतूस स्वस्त, म्हणून माणूस भरपूर बार काढतो आणि हात बसतो. लांबचं काम नाही हे मान्य. ५० मीटरला झीरो केली, म्हणजे स्कोपची दुर्बीण त्या अंतराला जुळवली, तर १०० ला गोळी जवळपास वीतभर खाली येते. मग जवळ जा ना, रांगत जा!

नॉरवेस्टर
रांगत जा म्हणे. आमच्या कँटरबरीच्या सपाट रानात रांगायला आडोसा कुठाय? ८० मीटरच्या आत ससा येऊ देत नाही आणि त्यात वायव्येचा वारा सुटला की टू-टूची गोळी कुठे जाईल हे देवाला माहीत. डोक्यावर धरलेली पाठीत बसते, ससा तसाच बिळात घुसतो आणि आत तडफडत मरतो, ही शिकार नाही. मी .१७ एचएमआर वापरतो, २००२ साली आलेलं काडतूस, १७ ग्रेनचीच गोळी पण सेकंदाला पावणेआठशे मीटर. नळीतून निघताना तुझ्या सबसॉनिकला १३०-१३५ ज्यूल, हिला ३३० च्या आसपास. १०० मीटरपर्यंत जिथे क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) तिथे गोळी, हिशोब करायला नको.

आणि टू-टूची खरी खोट तू सांगितलीच नाहीस, ती म्हणजे रिकोशे. बोथट शिशाची संथ गोळी, कडक जमिनीवर, दगडावर, पाण्यावर तिरपी लागली की सुंईऽऽ करत उडते. दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते ती. तुझ्याकडे तर जिकडेतिकडे शिस्टचे खडक! .१७ ची गोळी इतकी नाजूक की बहुतेक वेळा लागली तिथेच तिचा चुरा.

ओटागोवाला
रिकोशेचं बरोबर आहे, तिथे वाद नाही. म्हणून मागे मातीचा उतार नसेल तर मी चापाला बोटच लावत नाही, आणि तो नियम .१७ लाही आहेच.
पण वाऱ्याचं अर्धवट सांगतोस. लोक टू-टूची हाय व्हेलॉसिटी काडतुसं घेतात आणि मग वाऱ्याच्या नावाने बोंबलतात. ती गोळी आवाजाच्या वेगाच्या वर निघते आणि १०० मीटरच्या आतच त्या वेगाच्या खाली येते, तिथे हवा तिला जास्त अडवते, म्हणून वाऱ्यात ती सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते. उलटं वाटतं पण तसंच आहे. आणि .१७ ला सायलेन्सर लाव नाहीतर उशी बांध, गोळीचा हवेतला कडाका राहणारच, एका बारात अख्खा बांध रिकामा.

दहाचीमॅगझिन
दोघंही बोल्टला का चिकटलाय? २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर सेमी-ऑटोवर (बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलींवर) बंदी आली तरी रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका घेणाऱ्या छोट्या काडतुसाची) टू-टू सेमी-ऑटो १० च्या मॅगझिनपर्यंत चालतेच की. रात्री लाइट मारला की पाच-सहा ससे एकदम दिसतात, बोल्ट मागेपुढे करेपर्यंत चार पळालेले असतात, शिवाय डोळा स्कोपवरून हलतो तो वेगळा.

ओटागोवाला
सबसॉनिक घालून बघ त्यात. बऱ्याच सेमी-ऑटोंना तेवढा जोर पुरत नाही, रिकामं टरफल खिडकीत उभं अडकतं आणि तू अंधारात नखाने उपटत बसतोस. बोल्टला काय, जे घालशील ते चालतं. काम झालं की बोल्ट काढून खिशात टाकायचा, गाडीत बसताना रायफल नुसती नळी आणि लाकूड, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेगात कमी पडते हे खरंय, पण एकच बार आहे असं समजून माणूस नेम धरतो.

फार्मवरचा_पाटील
मला कळत नाही, सेफ, लायसन्स, रजिस्ट्रीत नोंद एवढी यातायात करून फक्त ससाच मारणारी रायफल का घ्यायची? बोल्टची .२२३ घ्या (टू-टूपेक्षा कितीतरी जोरदार काडतूस), ससा, रानबोकड, साउथ कँटरबरीतली वॉलबी (छोटं कांगारू), सगळं एकात. टू-टूने बोकडावर बार टाकणं म्हणजे निव्वळ छळ.

नॉरवेस्टर
बोकडाला टू-टू नको, १०० टक्के. पण .२२३ ने मारलेला ससा तू खाल्लायस का कधी? खायला काय उरतं? आणि रात्री घराशेजारच्या कुरणात वाजव, सकाळी शेजारी दारात. यात मी ओटागोवाल्याच्या बाजूने, लिहून ठेवा.

लांज्याचो_झील
दादांनू, आमच्याकडे रानडुकरांनी भातशेतीची वाट लावली आहे. घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेतसंरक्षणाचं लायसन्स आहे. त्याऐवजी ही टू-टू चालेल का?

ओटागोवाला
नाही रे बाबा. डुकराच्या खांद्यावर जाड चामडी, आत हाड, टू-टू तिथे रुतून बसेल आणि जखमी डुक्कर तुझ्याच अंगावर येईल. आणि मुळात शेतसंरक्षणाचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. आधी रेंजरला गाठ. इथला सल्ला तिकडे लावू नकोस.

नवखा_इन्व्हरकार्गिल
मला जुनी सीझेड ४५२ टू-टू मिळतेय, घेऊ का? नळी आतून चकचकीत आहे.

ओटागोवाला
डोळे मिटून घे, फक्त सेफ्टी उलटी आहे हे लक्षात ठेव. बाकी बहुतेक रायफलींना सेफ्टी पुढे ढकलली की चाप मोकळा होतो, हिला मागे ओढली की मोकळा होतो. नंतरच्या ४५७ ला त्यांनी सरळ केली. दोन्ही प्रकारच्या रायफली घरात असतील तर अंधारात घोटाळा होतो, तेव्हा नेम धरेपर्यंत चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं ठेव, सेफ्टीच्या भरवशावर राहू नकोस. आणि दुकानातून चार-पाच प्रकारची सबसॉनिक काडतुसं एकेक डबी आण, कागदावर मारून बघ. टू-टू फार नखरेल असते, एका कंपनीची रुपयाएवढ्या जागेत बसवेल, दुसऱ्या कंपनीची पानभर पसरवेल.

नॉरवेस्टर
हे नखरे .१७ ला एवढे नाहीत, एवढंच सुचवतो. :) लेबर वीकेंडला ये इकडे तुझी टू-टू घेऊन, ८० मीटरला कागद लावू, वारा आमचा. हरेल त्याने मटण आणायचं, आणि सशाचं चालणार नाही.