नागपूरच्या उन्हात मुरलेल्या माणसाला दुबईतील पहाट का सोसत नाही?

प्रश्न

मी नागपूरचा असून गेली पंधरा वर्षे अंबाझरीच्या काठाने आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर धावत आलो आहे. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला, त्या आठवड्यातही मी पहाटेचे धावणे चुकवले नव्हते. मार्चमध्ये नोकरीनिमित्त दुबईला आलो. जूनच्या अखेरीस पहाटे साडेचारला, तापमान 32 अंश असताना, चौथ्या किलोमीटरलाच डोके गरगरले, अंगावर शहारे आले आणि मला रस्त्याकडेला बसावे लागले. नवतपातील, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतील, आपली पहाटही जवळपास एवढीच उष्ण असते. मग हा फरक कशाचा? ऑक्टोबरपर्यंत बाहेर धावणे बंदच ठेवावे का?

पहिले उत्तर

भाऊ, मी आखातात अकरा वर्षे राहून आता नागपूरला परतलो आहे. घरचा कूलर आठवा. मे महिन्यात दुपारच्या हवेतील आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा खोली गार करतो. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर चिकट, दमट हवा फेकू लागतो आणि आपण त्याचे पाणी बंद करतो. आपले शरीरही घामाच्या बाबतीत असाच कूलर आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. दुबई वाळवंटात असली तरी समुद्राला लागून आहे, आणि आखाताचे उथळ पाणी उन्हाळ्यात 32 अंशांच्याही वर तापते. त्याची वाफ किनाऱ्यावर साचते, आणि पहाटे हवा थोडी निवते तेव्हा तर सापेक्ष आर्द्रता सर्वाधिक असते. नागपुरात जी वेळ आपल्याला तारते, तीच तेथे घाम सुकू देत नाही.

तेथे 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामगारांना उन्हात राबवण्यास बंदी असते. हा नियम अत्यंत योग्य आहे, पण त्यावरून केवळ दुपारच धोक्याची आहे, असा समज करून घेऊ नये. निघण्यापूर्वी तापमानापेक्षा दवबिंदू पाहावा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत निवली की तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा; तो जितका जास्त, तितकी हवा दमट. तो 25 अंशांच्या वर असेल त्या दिवशी मी धावण्याऐवजी चालत असे.

दुसरे उत्तर

मी डॉक्टर आहे. उष्ण हवेत धावताना शहारे येणे ही गंभीर सूचना आहे. त्यानंतर एक पाऊलही पुढे धावू नये. बोलणे असंबद्ध झाले किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर थंड पाणी ओतत राहावे, शक्य असल्यास माणसाला मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे. शुद्ध हरपलेल्याला पन्हे किंवा पाणी पाजू नये. यासाठी एकट्याने धावणे टाळा.

तिसरे उत्तर

पूर्ण बंद करावे, असे मला वाटत नाही, पण वेग आणि अंतर यांचा हट्ट सोडावाच लागेल. 2019 मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही 68 पैकी 28 धावपटूंनी ती अर्धवट सोडली. त्या सर्व कसलेल्या खेळाडू होत्या. शरीराला नव्या हवेशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्यासाठी रोज थोडा वेळ त्या हवेत हालचाल हवी. दिवसभर एसीमध्ये राहून आठवड्यातून एकदाच दहा किलोमीटर धावणाऱ्याला ही सवय कधीच लागत नाही. वीस मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करा. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. भरपाई नुसत्या पाण्याने करू नका, मीठही लागते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. त्या दिवशीचा दवबिंदू आता शोधून पाहिला, तो 28 अंश होता. उद्यापासून सहकाऱ्याला सोबत घेऊन वीस मिनिटे चालणार आहे.