प्रोकॅरियोटिक-युकॅरियोटिक: टेबल पाठ आहे, पण समजलं काहीच नाही

देवगडचो_दर्यो:
अकरावी सायन्सला आहे. फरकाचं टेबल अख्खं पाठ केलंय, केंद्रक, रायबोसोम 70एस-80एस, सगळं. पण थंडीत आमच्याकडे रात्री लाटा निळ्या चमकतात ना, ते नॉक्टिल्युका म्हणे एकाच पेशीचा जीव, आणि तरी युकॅरियोटिक! हे कसं काय? आणि टेबलात नुसते फरकच आहेत, दोघांत सारखं काय ते कोणी लिहीतच नाही.

मालवणी_मसालो:
केंद्रक आसा तो युकॅरियोटिक, नाय तो प्रोकॅरियोटिक. विषय संपलो.

सावंतवाडी_बायो:
मसालोभाऊ, इतक्यात नाय संपत 😄

आधी नॉक्टिल्युकाचं बघ. एकपेशीय असणं आणि प्रोकॅरियोटिक असणं ह्यांचा तसा संबंधच नाही. प्रोकॅरियोटिक जीव बहुतेक एकपेशीय असतात हे खरं, पण उलटं धरून चालत नाही. अमिबा, यीस्ट, मलेरियाचा प्लाझमोडियम, सगळे एकाच पेशीचे आणि सगळे युकॅरियोटिक. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं त्यात बॅक्टेरिया (हे प्रोकॅरियोट) आणि यीस्ट दोघंही एकाच पातेल्यात काम करत असतात. नॉक्टिल्युका तर 0.2 ते 2 मिलिमीटर, म्हणजे बारीक ठिपका म्हणून डोळ्यांना दिसू शकतो, आणि ई. कोलाय हा बॅक्टेरिया साधारण 2 मायक्रोमीटर. पण आकारावर पण फार विसंबू नको. ग्वाडेलूप बेटांवरच्या कांदळवनात थायोमार्गारिटा मॅग्निफिका नावाचा बॅक्टेरिया सापडलाय, 2022 मध्ये प्रसिद्ध झालं, एकेक पेशी जवळपास 1 सेंटीमीटर लांब! आणि गंमत म्हणजे त्याचा डीएनए पटलाच्या पिशव्यांमध्ये ठेवलेला असतो, तरी तो प्रोकॅरियोटच.

आता सारखं काय. डीएनए दोघांत, जनुकीय संकेत जवळजवळ तोच, पेशीपटल, पेशीद्रव, ऊर्जेसाठी एटीपी, प्रथिनं बनवायला रायबोसोम. म्हणूनच माणसाचं इन्सुलिनचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं तर तो मुकाट इन्सुलिन बनवून देतो. कशाभिकेचं (पेशीची पोहायची शेपटी) मात्र नुसतं नाव सारखं आहे, बॅक्टेरियाची मुळाशी गोल फिरते आणि युकॅरियोटची चाबकासारखी हलते, आतली रचना पूर्ण वेगळी.

देवगडचो_दर्यो:
भारी. पण रायबोसोमचे दोन भाग 50एस आणि 30एस, ते मिळून 70एस कसं? 80 व्हायला पाहिजे ना?

सावंतवाडी_बायो:
दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतंच हे. एस म्हणजे वजन नाही रे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर किती वेगाने खाली बसतं त्याचं माप आहे. तो वेग वजनाबरोबर आकारावर पण ठरतो, म्हणून सरळ बेरीज होत नाही. 60 आणि 40 चे 80 होतात ते तसंच.

कुडाळची_सिस्टर:
ह्या 70-80 चा उपयोग मी सांगते. लावणीच्या दिवसात लेप्टो तापासाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात बघ. उंदराच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आत शिरतो. लेप्टोस्पायरा हा बॅक्टेरिया, म्हणजे प्रोकॅरियोट. डॉक्सी त्याच्या रायबोसोमच्या 30एस भागाला चिकटते की त्याचं प्रथिन बनवणं बंद. आपल्या पेशीद्रवातले रायबोसोम 80एस, त्यांना ती तितकी लागत नाही, म्हणून जंतू आटोक्यात येतो आणि माणूस तगतो. पेनिसिलीन अजून वेगळं, ते बॅक्टेरियाच्या पेशीभित्तिकेवर जातं, आपल्याला पेशीभित्तिकाच नाही. म्हणून नायट्याला ही औषधं चालत नाहीत, तो बुरशीचा, आणि बुरशी युकॅरियोटिक. आणि घरात उरलेली डॉक्सी मनाने घेऊ नका कोणी, आधी विचारा.

मालवणी_मसालो:
सिस्टर, मग डॉक्सी मलेरियाक पण देतत ती कशी? प्लाझमोडियम युकॅरियोट म्हणून वर लिहिलंय ना.

सावंतवाडी_बायो:
वा मसालो, हा प्रश्न पेपरात यायला हवा. प्लाझमोडियमच्या पेशीत अ‍ॅपिकोप्लास्ट म्हणून एक अंगक (पेशीतला छोटा अवयव) असतं. त्याच्या पूर्वजाने कधीकाळी एक शैवाल गिळलं, त्या शैवालात हरितलवक होतं, आणि हरितलवक मुळात सायनोबॅक्टेरियाच, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारा बॅक्टेरिया. त्यामुळे आतले रायबोसोम अजून बॅक्टेरियाच्याच पद्धतीचे, डॉक्सी नेमकी तिथे बसते. असर सावकाश दिसतो, म्हणून उपचारात एकटी देत नाहीत, सोबत दुसरं औषध लागतं. आपल्या मायटोकॉन्ड्रियाची (तंतुकणिकेची) पण गोष्ट अशीच, तीही मुळात बॅक्टेरियाच, स्वतःचा गोल डीएनए, स्वतःचे रायबोसोम. लिन मार्ग्युलिस ह्या जीवशास्त्रज्ञ बाईने 1967 मध्ये हे जोरात मांडलं तेव्हा फार कमी लोकांना पटलं होतं. आणि अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटात आजही जिवंत हिरवं शैवाल राहतं, ते अन्न बनवतं आणि हा खातो.

देवगडचो_दर्यो:
मग हे टेबलात कुठल्या रकान्यात टाकू? 😅

सावंतवाडी_बायो:
अ‍ॅपिकोप्लास्ट टाकू नको. युकॅरियोटच्या रकान्यात रायबोसोमसमोर "पेशीद्रवात 80एस, तंतुकणिका व हरितलवकात 70एस" असं लिही. आणि केंद्रक नसलेली लाल रक्तपेशी कुठली विचारलं तर युकॅरियोटिकच, पक्व होताना ती केंद्रक बाहेर टाकते. तिथे बरीच पोरं फसतात.