वय आणि बाजू, दोन्ही बघा

‘मूल दीड वर्षाचं होईपर्यंत थांबा, मग सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) आहे का ते कळेल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. हॅमरस्मिथ तपासणी, म्हणजे बाळाची हालचाल, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया वगैरे बघून गुण देणारी मज्जासंस्थेची तपासणी, २ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठीच आहे. २६ बाबी, कमाल ७८ गुण, महागडं यंत्र लागत नाही. सहा महिन्यांपासून पुढे ७३च्या खाली गुण आले तर पाठपुरावा हवाच. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. शिवाय डाव्या-उजव्या बाजूतला फरक वेगळा नोंदवा, कारण एकाच बाजूला दोष असेल तर एकूण गुण बरे दिसतात आणि नेमकं तेच बाळ सुटतं! धोका दिसला की अंतिम निदानासाठी न थांबता फिजिओथेरपी सुरू करता येते.