टोकन यंत्राशेजारचा फलक: हे इंटरॅक्शन डिझाइन की इन्स्ट्रक्शनल डिझाइन?

प्रश्न:
दादरमधील एका पॅथॉलॉजी लॅबचा स्वागतकक्ष मी सांभाळते. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी टोकन यंत्र आले आणि ते कसे वापरावे हे सांगणारा नऊ ओळींचा फलक त्याच्या शेजारी लागला. तरीही सकाळी साडेसातच्या गर्दीत बरेच जण मलाच विचारतात. काही जण तर बटण दोनदा दाबून दोन टोकने घेतात आणि मग एका क्रमांकाला कितीही पुकारले तरी कोणी उठत नाही. फलक नव्याने लिहिण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. याविषयी वाचताना वरील दोन संज्ञा सतत समोर येतात. त्यांत फरक काय, आणि माझे काम त्यांपैकी कोणते?

उत्तर १:
बटण दाबल्यापासून टोकन बाहेर येईपर्यंत किती वेळ जातो आणि तेवढ्यात यंत्र काही आवाज किंवा उजेड करते का, हे आधी पाहावे. दोनदा दाबणाऱ्याला बहुधा फलक कळत नाही असे नसून, पहिले दाबणे यंत्रापर्यंत पोहोचले की नाही हे कळत नाही. माणसाच्या कृतीला यंत्राने काय आणि केव्हा उत्तर द्यावे, याची आखणी म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन. बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक या डिझायनरांनी १९८० च्या दशकात हे नाव रूढ केले. वाचून नीट कृती करता यावी अशा सूचनांची आखणी म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाइन, आणि सूचनांच्या कागदाचे यंत्रासारखे नाही. वाचणारा चुकला तरी कागदाला ते कळत नाही, म्हणून तो कुठे चुकेल हे लिहिणाऱ्यालाच आधी ओळखावे लागते. उपाशीपोटी तपासणीसाठी लॅबमध्ये सूचनांचा कागद देतात, तो या दुसऱ्या प्रकारातला. टोकनाचा घोळ पहिल्यातला, आणि तो फलक लिहून सुटणार नाही.

उत्तर २:
मी यंत्रांच्या वापरपुस्तिका मराठीत लिहितो, म्हणून कागदापुरते सांगतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘रात्री दहानंतर पाण्याखेरीज काहीही खाऊ-पिऊ नये’ हे वाक्य अरुंद कागदावर तुटले की ‘नये’ खालच्या ओळीत जाते आणि घाईतला डोळा वरच्याच ओळीवर थांबतो. त्याऐवजी ‘रात्री दहानंतर फक्त पाणी प्यावे’ असे लिहावे. क्रमाचेही तेच. ‘लघवीचा नमुना डबीत घ्यावा, मात्र सुरुवातीची धार सोडून द्यावी’ असे लिहिले, तर एकेक ओळ वाचत कृती करणाऱ्याची डबी ‘मात्र’ येईपर्यंत भरलेली असते! मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला बोधनभाराचा (कॉग्निटिव्ह लोड) सिद्धांत हेच सांगतो की, एका वेळी डोक्यात थोडेच मावते. म्हणून चित्र एकीकडे आणि त्याचे स्पष्टीकरण दुसरीकडे ठेवून वाचकाला येरझाऱ्या घालायला लावू नयेत.

उत्तर ३:
पहिल्या उत्तरातील विभागणी मला जरा जास्तच काटेकोर वाटते. लोकलच्या फलाटावरील इंडिकेटरला बटण नसते, तरी तो बदलत्या परिस्थितीप्रमाणे बोलतो: गाडी कुठली, जलद की धीमी, १२ डब्यांची की १५ डब्यांची. त्या क्षणी लागते तेवढेच तो सांगतो. तुमच्या नऊ ओळींचीही तशीच वाटणी करता येईल. बटण दाबण्यापूर्वीचे फलकावर ठेवावे आणि नंतरचे, म्हणजे कुठे बसायचे, आधी किती जण आहेत, हे टोकनाच्या चिठ्ठीवरच छापावे. चिठ्ठी हातात असते. फलकाकडे परत कोण जाणार?

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. आज घड्याळ लावून पाहिले: टोकन यायला चार सेकंद लागतात आणि यंत्र तोवर गप्प असते. त्याचा आवाज बसवतानाच बंद केला होता, असे तंत्रज्ञाने फोनवर सांगितले. उद्या तो सुरू करून देणार आहे. चिठ्ठीवरचा मजकूर बदलता येतो का, तेही त्याला विचारले आहे. उपाशीपोटी तपासणीच्या कागदावरील ‘नये’ मात्र मी आत्ताच मोजले. सात निघाले.