जीवामृत ठिबकमधून द्यावे की झारीने?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आमच्या गच्चीवर मोगरा, गुलाब, कढीपत्ता, लिंबू अशा सुमारे ४० कुंड्या असून त्यांना टाकीवरून ठिबकने पाणी दिले जाते. पाण्याबरोबरच खतही जावे, या विचाराने गेल्या महिन्यात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ व बेसन पाण्यात आंबवून केलेले द्रावण) फडक्याने गाळून टाकीत मिसळले, तर आठवडाभरात निम्मे ड्रिपर तुंबले. मग शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) भिजवून ते पाणी झारीने दिले, तेव्हा गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या. नेमके कुठे चुकले असावे?

उत्तर (तासगाव)
द्राक्षबागेत आम्ही व्हेंचुरीतून (पाण्याच्या प्रवाहात खत ओढून घेणाऱ्या साधनातून) शेणाची पातळ स्लरी सोडतो. परंतु व्हेंचुरीच्या पुढे जाळीचा फिल्टर असतो, खत सोडून झाल्यावर साधे पाणी सोडून नळ्या धुतल्या जातात आणि लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांची) टोके अधूनमधून उघडली जातात. शेणाचे व बेसनाचे बारीक कण फडक्यातून सहज निसटतात, शिवाय गुळावर पोसलेले जिवाणू नळीच्या आत चिकट थर धरतात. ४० कुंड्यांसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही, झारीच बरी.

उत्तर (सातारा)
पेंडेचे पाणी किती पातळ केले होते आणि त्याआधी कुंडी ओली होती का?

प्रश्नकर्ता
प्रमाण अंदाजाने घेतले होते. माती कोरडी होती.

उत्तर (सातारा)
मग कडा करपण्याचे कारण तेच असावे. शेंगपेंडेत नत्र सुमारे ७ टक्के असते आणि ती कुजताना अमोनिया तयार होतो. असे तीव्र पाणी कोरड्या मातीत पडले की मुळांना पाणी मिळण्याऐवजी त्यांच्यातलेच ओढले जाते. त्यात आपल्याकडची काळी माती वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि उरलेले खत त्या फटीतून थेट तळाच्या भोकाकडे जाते. म्हणून आधी साधे पाणी द्यावे आणि अर्ध्या तासाने खत. मी १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात ३-४ दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा देतो. (शेजाऱ्यांना वासाची पूर्वकल्पना द्यावी.) पावसाच्या झडीत मात्र देत नाही, सगळे वाहून जाते.

उत्तर (मिरज)
जीवामृताबद्दल थोडे. घरच्यापुरते करायचे तर २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचे ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, प्रत्येकी २०० ग्रॅम गूळ व बेसन आणि मूठभर बांधाची माती पुरते. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असल्याने ते पाणी रात्रभर उघडे ठेवून घ्यावे. तथापि जीवामृत हे जिवाणूंचे विरजण आहे. कुंडीत शेणखत किंवा गांडूळखत हे दूधच नसेल, तर विरजण लागणार कशाला? करपलेल्या गुलाबाला सध्या काहीही देऊ नका. तळातून पाणी निथळेपर्यंत दोन-तीनदा साधे पाणी घाला आणि नवी पालवी दिसल्यावरच पातळ खत सुरू करा.